आधी लाजेची जागा दाखवा

देशभरातल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या संशोधनाचा कारभार ज्या बाईंच्या हाती होता, त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ गळायचा. सिंकखालच्या कपाटात एक जुनं पातेलं कायम मुक्कामाला असे. ते भरलं की जो जवळ असेल त्याने ओतायचं, असा घरचा रिवाज. एखाद्या पाहुण्याच्या नजरेला ते पडलंच, तर बाईंचे यजमान गंभीर चेहऱ्याने सांगत, "परिषदेकडे प्रस्ताव पाठवलाय. तज्ज्ञांचे अभिप्राय यायचेत." शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ बायकोची थट्टा करायची एकही संधी सोडत नसे. बाई त्या थट्टेकडे आणि नळाकडे सारख्याच शांतपणे दुर्लक्ष करत.

बाहेर त्यांना सगळे चिटणीसबाई म्हणत. शिक्षणाने त्या अभियंता होत्या. उमेदीची पहिली वर्षं शहराच्या पाणीपुरवठ्यात काढून त्या परिषदेत आल्या, तेव्हा परिषद म्हणजे पंपांच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या. खाली गिऱ्हाइकाला पंप चालवून दाखवला की वर टेबलावरचे पेले थरथरत, आणि तेवढा वेळ बैठकीत सगळे गप्प बसत. बाई म्हणायच्या, आमच्या बैठका कधी भांडणावर गेल्या नाहीत त्याचं श्रेय त्या पंपांना.

काम सांगायला सोपं होतं. प्रत्येक शहराने, प्रत्येक गावाने आपल्या पाण्याच्या बिलातला चिमूटभर वाटा परिषदेत घालायचा. सगळ्यांचा मिळून जेवढा होईल तेवढाच सरकारने घालायचा. आणि त्या पैशातून विद्यापीठांकडून, संस्थांकडून संशोधन करून घ्यायचं, ते सगळ्यांच्या उपयोगाचं. करायला मात्र ते महाकठीण होतं. त्या काळी प्रत्येक गाव आपलं पाणी आणि आपली घाण घेऊन एकटंच बसलेलं होतं. दुसऱ्याच्या घाणीसाठी आपण खिशात हात का घालावा, हा प्रश्न बाईंना दर गावात ऐकावा लागे. प्राध्यापकांचं निराळंच. त्यांच्याकडे एखादं नवं यंत्र आलं की त्या यंत्राला शोभेल असा विषय ते शोधत. यंत्राला प्रश्न मिळे. गावाच्या प्रश्नाला कुणी वाली नसे.

बाई गावोगाव हिंडल्या. मुलगा लहान असताना त्याला यजमानांच्या हवाली करून जात. यजमानांनी मुलाला चित्र काढायला शिकवलं ते त्याच दिवसांत, आणि त्या चित्रांत घर, झाड, सूर्य आणि हातात पिशवी घेऊन निघालेली आई असे. ती चित्रं बाईंनी जपून ठेवली होती, पण भिंतीवर कधी लावली नाहीत.

कुठल्याही शुद्धीकरण केंद्रावर गेलं की सगळं सारखंच असायचं. फाटकाशी कुंड्या, कठड्यांना ताजा रंग, केंद्रप्रमुखांच्या खोलीत चहा. मग हौदांवरून एक फेरी, आणि फेरीच्या शेवटी स्वच्छ पाण्याचा भरलेला पेला उजेडात धरून दाखवणं. बाई हे सगळं नीट बघत. चहा संपवत. मग कपबशी बाजूला ठेवून म्हणत, "छान आहे. आता तुमची लाजेची जागा दाखवा."

पहिल्यांदा कुणालाच कळत नसे. मग कळे, आणि केंद्रप्रमुखाचा चेहरा असा होई, की जणू बाईंनी त्यांच्या घरच्या कपड्यांचं कपाट उघडून दाखवायला सांगितलंय. पण अशी जागा प्रत्येक केंद्रात असतेच. कुठे ताडपत्रीखाली झाकलेला हौद, ज्यावर तपकिरी फेस येतो आणि काही केल्या मरत नाही. कुठे मागच्या कुंपणाशी गाळाचा ढीग, जो उन्हाळ्यातही वाळायचं नाव घेत नाही. एका गावात तर केंद्रप्रमुखांनी त्या हौदापुढे उंच झुडपांची रांगच लावली होती, आणि झुडपं मात्र फार जोमाने वाढली होती. बाई तिथे उभ्या राहत, वास घेत, वाकून बघत. आणि मग एखाद्या शेजारणीला सांगावं तशा सहज म्हणत, "हाच फेस मी गेल्या आठवड्यात दुसऱ्या गावात पाहिला. त्यांनीही ताडपत्रीच टाकलीय."

त्या क्षणी समोरच्या माणसाच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना दिसायचं. आपली घाण जगावेगळी नाही, एवढं कळलं तरी माणसाला केवढा धीर येतो. गावं परिषदेत आली ती बाईंच्या भाषणांनी नव्हे. त्या फेसाने आली.

हळूहळू परिषदेची रीतच ठरून गेली. प्रश्न गावांच्या लाजेच्या जागांमधून यायचे, उत्तरं शोधायला प्राध्यापकांनी पुढे यायचं, आणि पैसे कुणाला द्यायचे हे दोघांनी एका टेबलाशी बसून ठरवायचं. प्राध्यापक सुरुवातीला नाकं मुरडत. मग त्यांतल्या काहींना ताडपत्रीखाली वाकून बघायची चटक लागली. फेसावर ज्यांनी अखेर उपाय काढला त्या प्राध्यापकबाई तर स्वतःची ओळख "फेसवाली" अशी करून देऊ लागल्या.

तरी एक गोष्ट बाईंना सलत होती. एकदा जुनी कागदपत्रं लावताना त्यांच्या लक्षात आलं, की एकाच प्रयोगाला परिषदेने निरनिराळ्या नावांनी तीनदा पैसे दिले होते. तीन शहरांत, तीन संस्थांत. तिन्हीकडे तो सारखाच फसला होता, आणि तिघांनीही तो गुपचूप पुरला होता. कुणाचा हेतू वाईट नव्हता. फसलेलं छापत कोण आणि ऐकत कोण? गावं जशी ताडपत्री टाकत होती, तशीच विद्वानांनीही टाकली होती, एवढंच.

त्यातून निघाली फसलेल्यांची सकाळ. वर्षातून एकदा सगळ्या गावांचे प्रतिनिधी आणि संशोधक जमत. त्या मेळाव्याची पहिली सकाळ फसलेल्या कामांना दिलेली असे. ज्याचं काम फसलं त्याने उभं राहून काय केलं, काय वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं ते सांगायचं. सांगून झालं की टाळ्या नाहीत. प्रश्न विचारायचे, तेही खरे. पहिल्या वर्षी सभागृहात स्मशानशांतता होती. पुढे पुढे लोक तीच सकाळ चुकवायची नाही म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाला येऊ लागले. परदेशांतल्या परिषदांनी ही रीत उचलली, तेव्हा बाईंनी घरी फक्त एवढंच सांगितलं, की आपल्याकडची एक गोष्ट आता बाहेरही करतात. यजमान म्हणाले, "नळ गळायची?"

बाईंच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं, तेव्हाची ही हकिगत.

परिषदेचे नवे अध्यक्ष प्राध्यापक होते आणि भला माणूस होता. सकाळी कचेरीत सगळ्यांच्या आधी येत, शिपायालाही अहोजाहो करत. त्यांनी बाईंना बोलावून समोर मेळाव्याचा कार्यक्रम ठेवला. त्यात फसलेल्यांची सकाळ नव्हती. तिच्या जागी यशस्वी कामांची सकाळ होती.

अध्यक्षांनी आडपडदा न ठेवता कारण सांगितलं. सरकार आपला वाटा चालू ठेवायचा की आटवायचा याचा विचार करत होतं, आणि अर्थखात्याचे एक अधिकारी या वेळी स्वतः मेळाव्याला येणार होते. ते एकच सकाळ थांबणार होते. त्या एका सकाळी त्यांनी फक्त फसलेलंच ऐकायचं का? सरकारचा वाटा गेला तर कितीतरी कामं अर्धवट बंद पडतील, त्यातली बरीच तरुण मुलामुलींची. माणूस खोटं बोलत नव्हता.

"आणि पहिलं काम कुठलं ठेवलंय ते पाहिलंत का?" अध्यक्ष म्हणाले. त्यांना वाटलं, बाई निदान इथे तरी हसतील.

पहिलं काम त्यांच्या सुनेचं होतं.

सून सांडपाण्यावर संशोधन करणारी होती. तिचं काम मंजूर झालं तेव्हा ती त्यांची सून नव्हती. मुलाशी तिची ओळख कशी झाली ते घरात कधी नीट कळलं नाही. पण लग्न ठरलं त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी सर्वांत आधी परिषदेला लेखी कळवलं, नातेवाइकांना नंतर. थोरल्या नणंदेने तो राग बरीच वर्षं धरला. तेव्हापासून सुनेच्या कामाचा विषय बैठकीत निघाला की बाई उठून बाहेर जात. आणि घरासाठी दोघींनी मिळून एक कायदा केला होता: फाइल घरात नाही. चपलांसारखी ती दाराबाहेर राहायची. सासू-सुना एकाच ओट्याशी उभ्या राहून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलत, फक्त ज्यात दोघींचा जीव होता तो विषय सोडून. मुलगा म्हणायचा, इतर घरांत सासू-सुनांना बोलायला विषय पुरत नाहीत, आमच्याकडे एक शिल्लकच राहतो.

तरी सुनेचं काम काय आहे हे बाईंना ठाऊक होतं, कारण ते सगळ्या देशाला ठाऊक होतं. सांडपाण्यातला अमोनिया खाऊन टाकणारे जंतू थंडी पडली की सुस्तावतात. मग थंड प्रदेशातल्या गावांचं पाणी हिवाळाभर नीट शुद्ध होत नाही, आणि खालच्या नदीत मासे मरतात. सुनेने ते जंतू प्लॅस्टिकच्या जाळीदार चकत्यांवर वाढवले होते. एका शुद्धीकरण केंद्राच्या आवारात तिची प्रयोगाची टाकी होती, आणि कडाक्याच्या थंडीतही तिथले जंतू उन्हाळ्यासारखे खात होते. एक हिवाळा गेला, दुसरा गेला, जंतू जोरात. डोंगरावरच्या एका गावाने तर त्याच पद्धतीचा मोठा हौद बांधायला घेतला होता. त्या गावचे अभियंता बाईंचे जुने स्नेही. बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून सगळे त्यांना मफलरच म्हणत, आणि तेही फोनवर स्वतःला मफलरच म्हणवून घेत.

बाई घरी आल्या तेव्हा सून बटाटे सोलत होती. चार माणसांच्या घराला पुरतील त्याच्या दुप्पट बटाटे सोलून झाले होते आणि ती पुढचा उचलत होती. गेले काही दिवस तिचं असंच चाललं होतं. स्वच्छ भांडी पुन्हा घासायची, घड्या घातलेले कपडे पुन्हा घडी करायची. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, काहीतरी गोड बातमी असेल, आणि आपणहून सांगेल तेव्हा सांगेल म्हणून त्यांनी तोंड आवरलं होतं.

सुनेने चाकू ठेवला. "आई," ती म्हणाली, "आज फाइल घरात आणू का?"

बाईंनी ओल्या हाताने खुर्ची ओढली आणि बसल्या.

प्रयोगाच्या टाकीत सांडपाणी आणणारा पाइप केंद्रातल्या ब्लोअरच्या खोलीच्या भिंतीवरून आला होता. ब्लोअर म्हणजे हौदांना हवा पुरवणारी यंत्रं. हवा दाबली की तापते; त्या हवेचा पाइप चटका बसेल इतका गरम. सुनेचा पाइप बसवताना वेगळे आधार कशाला, म्हणून तो त्या गरम पाइपाच्याच आधारांवर, अगदी अंगाला अंग लावून टाकला होता. दिसायलाही नीटनेटका. पाण्याचं तापमान रोज नोंदलं जायचं, पण ते केंद्राच्या प्रवेशाशी असलेल्या मोठ्या नाल्यात, कारण तापमापक तिथे आधीपासून होता. टाकीत वेगळा घालायचं कुणाला सुचलं नाही. नाल्यात पाणी बर्फासारखं होतं. टाकीत येईपर्यंत ते कोमट होत होतं. जंतू काही पराक्रम करत नव्हते. त्यांना कोणी थंडी वाजूच दिली नव्हती.

"आणि कळलं कसं?" बाईंनी विचारलं.

सून हसली, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. ती म्हणाली, "माझे हातमोजे ओले झाले की मी त्याच पाइपावर वाळत टाकायचे. दोन हिवाळे टाकत होते. लवकर वाळतात म्हणून मला बरंही वाटायचं. मागच्या आठवड्यात मोजे काढताना हात पाइपाला टेकला आणि तसाच राहिला."

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्यांनी दोन्ही आतल्या आत दाबलं. इतकी वर्षं त्यांनी नाना तऱ्हेच्या चुका ऐकल्या होत्या, पण आपल्या चुकीवर स्वतःचे मोजे वाळत घालणारी ही पहिलीच. मग त्या म्हणाल्या, "मला सांगितलंस ते सासूला सांगितलंस. मी हे कचेरीत नेणार नाही. तिथे सांगायचं ते तुझं तुलाच."

"उद्या अध्यक्षांकडे जातेय," सून म्हणाली. "सांगायचंच आहे. डोंगरावर खड्डा खणायला लागलेत, आई."

दुसऱ्या दिवशी ती गेली आणि आली, आणि थेट कपाट आवरायला बसली. रात्रीच्या जेवणाला मुलानेच विचारलं तेव्हा कळलं. अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. तिचं कौतुकही केलं होतं. मग विनंती केली होती, की अधिकारी येऊन जाईपर्यंत थांब. भाषण देऊ नकोस हवं तर, आजारी पडलीस म्हणून सांगू. नंतर सविस्तर अहवाल दे. मफलरना काय सांगायचं ते अध्यक्ष स्वतः हळूच सांगतील. एका सकाळचा तर प्रश्न आहे. यजमानांनी उठून सिंकखालचं पातेलं ओतलं, भरलेलं नव्हतं तरी.

बाईंना झोप लागली पण चांगली लागली नाही. सुनेसाठी तोंड उघडायचं नाही, हे तर ठरलेलंच होतं. सुनेच्या कामावर त्यांना कुठे बोलायचा अधिकारच नव्हता, आणि तो अधिकार त्यांनी आपल्या हाताने सोडला होता. पण फसलेल्यांची सकाळ ही सुनेची नव्हती. ती सुनेच्या जन्माआधीची नसली तरी तिच्या लग्नाआधीची नक्की होती. तिच्यासाठी बोललं तर कुणीतरी ते सुनेच्या खात्यावर मांडेल, या भीतीने गप्प बसायचं का? लोक म्हणतील, सुनेचं झाकायला. नाहीतर म्हणतील, सुनेचं मिरवायला. म्हणू देत. आपण जन्मभर दुसऱ्यांना ताडपत्री उचलायला लावली, आणि आता आपल्याच घराची वेळ आली तर हात मागे?

सकाळी त्यांनी अध्यक्षांना भेटून सांगितलं, की कार्यक्रम मेळाव्यात मंजूर व्हावा लागतो, आणि त्या वेळी मी उठून बोलणार आहे. लपवून काही करायचं नाही म्हणून आधी सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, की नियमाप्रमाणे तो तुमचा हक्क आहे. त्यांचा चेहरा थकलेला होता.

मेळाव्याच्या सुरुवातीला कार्यक्रमाला संमती घ्यायची पद्धत होती. ती इतकी नावापुरती झाली होती, की त्या वेळी लोक खुर्च्या सरकवत, चष्मे पुसत. अधिकारी पहिल्या रांगेत बसले होते. बारीक अंगाचे, मांडीवर चपटी बॅग. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही सुचवायचंय का. बाई उठल्या.

त्या फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, की मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही मला चहा दिलात आणि मग तुमची लाजेची जागा दाखवलीत. ती दाखवलीत म्हणून ही परिषद उभी राहिली, नाहीतर आपण अजून आपापल्या ताडपत्र्या धूत बसलो असतो. आज आपल्याकडे पाहुणे आलेत. पाहुण्यांना फक्त कुंड्या दाखवायच्या का, ते तुम्ही ठरवा. माझं म्हणणं एवढंच, की पहिली सकाळ दरवर्षीसारखी राहू द्यावी.

मफलर मागून उठले आणि म्हणाले, "माझं अनुमोदन." त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं.

मग हात वर झाले. आधी एकेक, जपून, शेजारच्याचा अंदाज घेत. झुडपांची रांग लावणाऱ्या त्या केंद्रप्रमुखबाईंचा हात वर झाला, तेव्हा चिटणीसबाईंना खाली बघावंसं वाटलं. मग इतके झाले की मोजायची गरज राहिली नाही. तरी अध्यक्षांनी ते एकेक करून, मोठ्याने, प्रामाणिकपणे मोजले. स्वतःचा हात त्यांनी वर केला नाही. पण मोजताना एकही गाळला नाही, आणि बाईंच्या मनात त्या माणसाबद्दलचा आदर तिथेच वाढला.

पहिली उठली ती सून.

तिने सगळं सांगितलं. पाइप, आधार, तापमापक. हातमोज्यांचंही सांगितलं. सभागृहात आधी कुठूनतरी एक दबलेलं हसू आलं. मग कुणीतरी मागून म्हणालं, "आम्ही पायमोजे वाळवतो," आणि सगळं सभागृह खो-खो हसलं. ते हसणं तिला नव्हतं. ते ज्याला त्याला आपल्या केंद्रातला तो उबदार पाइप आठवल्याचं हसणं होतं. सूनही हसली, आणि या वेळी डोळ्यांपर्यंत.

मफलर हसले नाहीत. ते उभे राहिले. "आमचा खड्डा अर्धा खणून झालाय," ते म्हणाले.

"थांबवा तो," सून म्हणाली. "आजच फोन करा. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं."

मफलर मान हलवून खाली बसले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून अधिकाऱ्यांनी हात वर केला. त्यांचा आवाज त्यांच्या अंगासारखाच बारीक होता. त्यांनी विचारलं, की या चुकीचा खर्च कुणी सोसला.

सून म्हणाली, "तुम्ही आणि या सगळ्या गावांनी मिळून."

"आणि ही आज सांगितली नसती तर?"

उत्तर मागून आलं. "तर आम्ही," मफलर म्हणाले. "एकट्याने."

अधिकारी एकच सकाळ थांबणार होते. पण जेवणाच्या सुट्टीनंतरही त्यांची खुर्ची भरलेली होती, आणि दुपारच्या चहाला ते अध्यक्षांना सांगत होते, की आमच्या खात्यात अशी सकाळ ठेवली तर ती संध्याकाळपर्यंतही संपायची नाही. अध्यक्ष हसले. बाईंनी त्यांना तसं मोकळं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. सरकारचा वाटा पुढे आला तो आधीइतकाच आला, ना कमी ना जास्त. बाईंना त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

खरी गंमत पुढेच झाली. चहाच्या टेबलाशी मफलर मफलरचं टोक बोटाला गुंडाळत उभे होते, आणि त्यांनी सुनेला विचारलं, की आमचेही ब्लोअर दिवसरात्र ती गरम हवा पाइपातून नेतात, तिची ऊब वाऱ्यावर जाते. तुझा पाइप चुकून तापला. तो मुद्दाम तापवला तर? सुनेने कपबशी टेबलावर ठेवली. मग खिशातून पेन काढून कागदाच्या रुमालावर काहीतरी रेघा ओढू लागली, आणि मफलर तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागले. आजूबाजूला आणखी दोन थंड गावांची माणसं जमली. बाई चहाचा कप घेऊन त्या घोळक्याकडे निघाल्या होत्या. अर्ध्या वाटेत त्यांना कायदा आठवला, आणि त्या वळून खिडकीकडे गेल्या.

नव्या प्रश्नाला पैसे द्यायचे की नाही याची बैठक दुसऱ्या दिवशी होती. थंड प्रदेशातल्या गावांनी मिळून प्रश्न मांडला होता, आणि काम कुणी करावं यासाठी सुनेचं नाव घातलं होतं. विषय निघाल्याबरोबर बाई चष्मा घेऊन उठल्या आणि बाहेर आल्या.

परिषदेची कचेरी आता स्वतःच्या इमारतीत होती. बोळ लांब, फरशी गुळगुळीत, टोकाला पिण्याच्या पाण्याचं यंत्र. इतकी वर्षं या बोळात त्या कितीदा उभ्या राहिल्या होत्या, पण तेव्हा हातात काही ना काही काम असे. आज काहीच नव्हतं. त्यांनी यंत्रातून पाणी घेतलं. उगाच उजेडात धरून बघितलं. दारामागून आवाज येत होते, शब्द नव्हते. एकदा सगळे एकदम बोलले. मग कुणीतरी हसलं. खालून पंप चालू करायला हवा होता, त्यांच्या मनात आलं, म्हणजे लवकर आटपलं असतं. त्यांना जाणवलं, की आत जे चाललंय ते त्यांच्यावाचून चाललंय, आणि नीट चाललंय. प्रश्न एका लाजेच्या जागेतून आलाय. तो गावांनी मांडलाय. शोधणारी कोण, हे टेबलाभोवती बसून ठरतंय, आणि तिची सासू दाराबाहेर पाण्याचा पेला घेऊन उभी आहे. त्यांनी जन्मभर जे उभं केलं ते नेमकं असंच दिसायला हवं होतं. त्यांनी पेला यंत्रावर ठेवून दिला.

दार उघडलं. मफलरनी डोकं बाहेर काढलं.

"या आत, ताई. झालं."

"काय झालं?"

मफलरनी बोट ओठांवर ठेवलं. "बोळात कुणी काही सांगायचं नाही, हा नियम कुणाचा? इतिवृत्तात वाचा." एवढं बोलून त्यांनी डोकं आत घेतलं, पण ओठांवरचं बोट बाजूला झालं तेव्हा त्याखालचं हसू बाईंना दिसलंच.

त्या संध्याकाळी घरी मुलगा दारातच वाट बघत होता. काय झालं म्हणून त्याने आधी आईला विचारलं, मग बायकोला. दोघी एकमेकींकडे न बघता एकाच वेळी म्हणाल्या, फाइल घरात नाही. आणि मग दोघींना जे हसू आलं ते काही केल्या थांबेना. बाईंना ओट्याला धरून उभं राहावं लागलं.

यजमान आतून ओरडले, की कुणीतरी पातेलं ओता.

"नळच दुरुस्त करून टाकू या आता," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्याकडे यापुढे वेळच वेळ आहे."

सुनेने बाह्या वर केल्या आणि सिंकखालचं कपाट उघडलं.